वही कोण तपासणार?

पत्र बार्शीहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई २९ वर्षांच्या, बी.कॉम., एका डाळ मिलच्या ऑफिसात हिशेब बघतात. टॅली आणि एक्सेल रोजच्या हाताखालचं. पगार १६ हजार. पत्र मोठं आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते :

"ताई, मला डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचंय. यूडेमीच्या सेलमध्ये ४४९ रुपयांना एक असे चार कोर्स घेतले, एकही पूर्ण झाला नाही. मागच्या आठवड्यात एका संस्थेचा फोन आला. नऊ महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी, फी १ लाख २० हजार अधिक जीएसटी, १८ महिन्यांचे बिनव्याजी हप्ते. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, तुमची प्रोफाइल बघून स्कॉलरशिप मंजूर झालीय, पण ती आज रात्री बारापर्यंतच. मी वेळ मागितला, तेव्हापासून रोज फोन चालू आहेत. मुलगी चार वर्षांची आहे, ती झोपल्यावर दहा ते बारा एवढाच वेळ माझा. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण परदेशी लोकांचं बोलणं डोक्यावरून जातं. मिस्टर म्हणतात, आधी चार पूर्ण कर, मग पाचवा घे. त्यांचं बरोबर आहे का? कोणता प्लॅटफॉर्म सगळ्यात चांगला ते एकदाचं सांगून टाका. की माझ्यातच काही कमी आहे?"

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो डोक्यात असेपर्यंत बाकीचं नीट वाचलं जाणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१२ मध्ये एडएक्स ही ऑनलाइन कोर्सेसची साइट सुरू केली. त्यावरच्या या दोन विद्यापीठांच्या कोर्सेसचा हिशेब २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे साधारण ३ टक्के निघाले. नावाजलेली विद्यापीठं, उत्तम शिक्षक, वर फुकट, आणि तरी शंभरातले सत्त्याण्णव मध्येच गळाले. तेव्हा तुमच्यातच काही कमी आहे हा विचार सोडा.

त्याच हिशेबातला दुसरा आकडा तुमच्या जास्त कामाचा आहे. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राचा रस्ता धरला होता, त्यांच्यातले जवळपास निम्मे शेवटपर्यंत गेले. पैसे भरणारा माणूस मुळातच जरा ठाम असतो, हे धरूनही फरक मोठा आहे. आणि व्हिडिओ तर दोघांना तेच होते.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर. पाचवा घेऊ नका, हे खरं. पण पैसे गेलेत म्हणून चारही पूर्ण करण्याची शिक्षा स्वतःला देऊ नका. अठराशेच्या घरात रक्कम गेली आणि त्यातून एवढं कळलं की नुसते व्हिडिओ बघून तुमचं गाडं पुढे सरकत नाही. चारांतला एक पुढे उपयोगी पडेल, बाकी तीन विसरून जा.

आता 'सगळ्यात चांगला प्लॅटफॉर्म'. हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं आणि त्याला एका नावाचं उत्तर नाही. कारण शिकवणं ही गोष्ट आज जवळपास फुकट झाली आहे. एसक्यूएल घ्या, म्हणजे साठवलेल्या डेटातून हवं ते काढायची भाषा. त्यातल्या आज्ञा सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय, आणि दोन याद्या जोडणारा जॉइन : फुकटच्या यूट्यूबवर हेच, ४४९ च्या कोर्समध्ये हेच आणि १ लाख २० हजारांतही हेच. जॉइन महागडा झाला म्हणून वेगळा चालत नाही. मग पैसे मोजायचे कशाला? तुम्ही केलेलं काम कोण बघतं, चुकलं तर कुठे चुकलं हे कोण सांगतं, आणि अमुक तारखेपर्यंत दिलं नाही तर काय होतं, यासाठी. शाळेत वही तपासायला बाई होत्या म्हणून आपण गृहपाठ केला. प्लॅटफॉर्म कुठलाही असो, पहिला प्रश्न हाच : इथे माझी वही कोण तपासणार?

या एका प्रश्नावर ओळखीची नावं घासून बघू.

यूडेमीवर कोणीही शिक्षक होऊ शकतं. त्यामुळे तिथे उत्तम शिकवणारेही सापडतात आणि दुसऱ्याच्या स्लाइड वाचून दाखवणारेही. खोडलेली मोठी किंमत आणि शेजारी ४४९ यात अडकू नका, सेल गेला तरी थोड्याच दिवसांत परत येतो. तिथल्या ४.६ तारांकनावरही फार जाऊ नका, कारण तारे द्या असं तिथे कोर्सच्या सुरुवातीसुरुवातीलाच विचारतात. पहिल्या तासाला कोणाचाही मूड चांगला असतो. मी तीन तारे देणाऱ्यांची मतं वाचते, त्यात 'अमुक भागानंतर घाई केली आहे', 'फाइल उघडत नाही' असलं कामाचं काहीतरी मिळतं. शेवटचा बदल कधी केला ती तारीख बघते. आणि घेतल्यावर पहिल्या संध्याकाळी पहिला व्हिडिओ लावतच नाही. थेट मधला, जॉइनचा भाग उघडते. शिकवणारा स्वतः टाइप करतोय का? त्याची चूक होते का, आणि ती तो समोर दुरुस्त करतो का, की सगळं आधीच लिहून ठेवलंय आणि हे बघा आलं उत्तर असं चाललंय? मग प्रश्नोत्तरांचा भाग : गेल्या महिन्यात कोणी विचारलेल्याला उत्तर मिळालंय का? सोबत सराव करायला डेटाची फाइल दिलीय का? या तीन-चार गोष्टी नसतील तर कोर्स परत करते. ३० दिवसांत पैसे परत मिळतात. आपल्याकडे माणसं परत करायला लाजतात, ४४९ साठी कुठे भांडत बसायचं म्हणतात. भांडावं लागत नाही, तिथेच अर्ज करायची सोय आहे. बराचसा कोर्स बघून झाला असेल तर मात्र नाकारू शकतात, म्हणून ही तपासणी पहिल्या दोन दिवसांतच करायची.

तुमच्या चार कोर्सेसची परतीची मुदत गेली असणार. तरी त्यांना हीच चाळणी लावा, जो उरेल तो ठेवा. त्याला कोर्स म्हणून बघायचं नाही. अडलं की उघडून तेवढंच बघायचं पुस्तक म्हणून बघायचं. कारण मूळ प्रश्नाचं उत्तर तिथे बहुतेक 'कोणी नाही' असंच आहे. प्रमाणपत्र व्हिडिओ शेवटपर्यंत सरकले की मिळतं. तुम्ही शेजारच्या खोलीत भाकरी थापत असलात तरी मिळतं.

कोर्सेरा २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या अँड्र्यू एंग आणि डॅफ्नी कोलर या दोन प्राध्यापकांनी काढलं. तिथे गूगलचं डेटा अ‍ॅनालिटिक्सचं प्रमाणपत्र आहे, त्याबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेलच. मांडणी छान, सुरुवात अगदी पायापासून. पण वही तपासायचा बराचसा भाग बहुपर्यायी प्रश्नांचा, आणि बहुपर्यायी प्रश्नांत आपण सगळे लहानपणापासून तरबेज आहोत. त्यात प्रोग्रॅमिंगची भाषा 'आर' शिकवतात. आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिरातींत पायथन ही दुसरी भाषा आणि पॉवर बीआय हे आकड्यांचे तक्ते-आलेख काढायचं सॉफ्टवेअर जास्त दिसतं. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण : तिथे वर्गणी महिन्याची असते. सात दिवस फुकट म्हणून कार्ड द्यायचं आणि आठव्या दिवसापासून पैसे कापायला सुरुवात. जो भराभर शिकतो त्याला हे स्वस्त, जिच्या मुलीला ताप आला की आठवडा वाया जातो तिला महाग. फी-सवलतीचा अर्ज करता येतो, परिस्थिती खरी लिहिली तर मिळतेही. घ्यायचंच असेल तर त्या वाटेने घ्या.

एनपीटीईएल हा ऑनलाइन कोर्सेसचा उपक्रम आयआयटी आणि आयआयएस्सी यांनी मिळून २००३ मध्ये सुरू केला, आता तो सरकारच्या स्वयम् पोर्टलवर आहे. ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे कोर्स, शिकणं फुकट. दर आठवड्याला असाइनमेंट आणि तिला तारीख. तारीख गेली की गेली, तिथे ताई-माई चालत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर साधारण १००० रुपये भरून परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून पेपर द्यायचा. अंतिम गुणांत २५ टक्के असाइनमेंटचे, ७५ टक्के या पेपरचे. एवढ्या कमी पैशांत एवढी कडक तपासणी आपल्या देशात मला दुसरीकडे दिसत नाही. उणी बाजूही सांगते. बरेचसे कोर्स कॉलेजच्या अभ्यासक्रमासारखे आहेत, फळ्यावरची सिद्धांताची बाजू जड. चेन्नईच्या मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथनचा ८ आठवड्यांचा कोर्स मात्र हाताने प्रोग्रॅम लिहायला लावतो आणि यंत्र तो चालवून बघून गुण देतं. चांगला आहे, पण तुमच्यासाठी आत्ता नाही. पायथनची ओळख झाल्यावर, पुढच्या वर्षी.

उच्चारांचं म्हणालात. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरिअल' हा प्रकल्प आहे. दहा-बारा मिनिटांचे छोटे पाठ, फुकट, आणि कित्येक मालिका मराठी आवाजात. एक खिडकी पाठाची, शेजारी दुसरी आपल्या कामाची, बघायचं-थांबवायचं-करायचं, अशी त्यांची पद्धतच आहे. आपल्याकडे एमएस-सीआयटी २००१ पासून गावोगाव गेलं, त्यानंतर 'पुढे काय' याला मराठीत धड उत्तर फार कमी जणांनी दिलं. त्यातलं हे एक. दिसायला जुनाट आहे, काही मालिका जुन्या आवृत्त्यांवर आहेत. चकचकीत नाही म्हणून सोडू नका. पण वही इथेही कोणी तपासत नाही.

आता तुमच्यासाठी मी काय निवडलं असतं ते. हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा कोर्स जगभर ऐकून माहीत असतो, त्याचंच एक धाकटं भावंड आहे : डेटाबेस आणि एसक्यूएलचा सीएस५०. सात आठवड्यांचे धडे, दर धड्यामागे गृहपाठ, शेवटी स्वतःचा एक प्रकल्प. गृहपाठ ब्राउझरमध्येच करायचा असतो, तुमच्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर काही बसवावं लागत नाही. उत्तर लिहून एक आज्ञा दिली की यंत्र तपासून हिरवी-लाल खूण दाखवतं. कुठल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं ते सांगतं, बरोबर उत्तर सांगत नाही. अगदी हवी तशी तपासणी. सीएस५०च्या स्वतःच्या साइटवरून केलात तर प्रमाणपत्रही फुकट. एडएक्सवरून केलात तर त्याच्या वेगळ्या प्रमाणपत्राला पैसे पडतात, तेव्हा कुठून शिरताय ते बघा. बोलणं भरभर वाटलं तर वेग पाऊणपट करा आणि खाली इंग्रजी अक्षरं चालू ठेवा. तुम्हाला वाचलेलं कळतं, हे इथे कामाला येईल. सात आठवड्यांचे धडे तुम्हाला चार महिने लागतील. लागू देत.

याच्याही आधी, पहिल्या चार-पाच रात्री एसक्यूएलबोल्ट नावाच्या साइटवर घालवा. व्हिडिओ नाहीत, वाचायचं आणि तिथल्या तिथे लिहायचं. झोपेने डोळे मिटत असतानाही होतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तुमच्याकडे असा एक तपासनीस आहे, जो लाखभर रुपये मोजणाऱ्या मुलांना मिळत नाही. टॅली.

सांगते कसं. मालकांना विचारून मागच्या तिमाहीची बिलं आणि जमा या दोन याद्या एक्सेलमध्ये काढा. पार्ट्यांची नावं बदलून 'पार्टी १, पार्टी २' करा, दुसऱ्याच्या धंद्याचा डेटा आहे. डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे छोटं फुकट सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवरही चालतं, त्यात या दोन याद्या दोन टेबलं म्हणून घाला. बिलांच्या टेबलात पार्टी, बिल नंबर, तारीख, रक्कम. जमेच्या टेबलात बिल नंबर, तारीख, रक्कम. आता एसक्यूएलने काढा : पार्टीवार येणं बाकी.

तुम्ही बिल नंबरवर जॉइन कराल, पार्टीप्रमाणे बेरीज कराल, बिलातून जमा वजा कराल. सुंदर यादी येईल. मग शेजारी टॅलीची येणे बाकी उघडा. जुळणार नाही.

बघाल तर ज्या पार्टीने एक रुपयाही दिलेला नाही, ती तुमच्या यादीत नाहीच. ज्याच्या नावाने मालक रोज शंख करतात तोच गायब. साधा जॉइन दोन्हीकडे सापडणाऱ्या ओळीच ठेवतो, आणि जमेच्या टेबलात या गृहस्थांची ओळच नाही. मग पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारा लेफ्ट जॉइन शोधाल. आता नाव येईल, पण 'येणं बाकी'च्या रकान्यात रिकामं, कारण रकमेतून 'काहीच नाही' वजा केलं की एसक्यूएल शून्य धरत नाही, उत्तरही 'काहीच नाही' देतं. त्याला शून्य धरायला कोॲलेस ही आज्ञा सापडेल. पुन्हा टॅली उघडा. तरी जुळणार नाही. एखाद्याचं ५० हजारांचं बिल, त्याने २० आणि ३० असे दोनदा भरले. जॉइनमध्ये ते बिल दोन ओळींत आलं, बिलाची बेरीज १ लाख झाली, आणि ज्याचं खातं चुकतं झालंय त्याच्या नावावर ५० हजार बाकी. म्हणजे आधी बिलवार जमेची बेरीज करायची, जॉइन नंतर.

या तिन्ही चुका प्रत्येक कोर्समध्ये सांगितलेल्या असतात. ऐकताना 'हो, कळलं' असंच वाटतं. आकडा जुळत नाही म्हणून रात्री पावणेबारापर्यंत बसलं की मग त्या आयुष्यात पुन्हा होत नाहीत. आणि चुकलंय हे तुम्हाला कळलं कशामुळे? बरोबर उत्तर तुमच्या हातात होतं म्हणून. कोर्ससोबत मिळणाऱ्या आयत्या डेटात, टायटॅनिकचे प्रवासी, कुठल्या तरी परदेशी दुकानाची विक्री, त्यात उत्तर चुकलं तरी खटकत नाही. त्या दुकानाची बाकी किती असायला हवी हे आपल्याला काय ठाऊक. डाळीच्या धंद्यात काय खटकायला हवं हे तुम्हाला आत्ताच माहीत आहे.

अडलं की चॅटजीपीटीला विचारायला हरकत नाही, फक्त क्रम पाळा. आधी स्वतः लिहा, मग 'हे का चुकतंय' विचारा. 'लिहून दे' म्हणालात तर ते लिहून देईल, छान देईल, आणि तुम्ही आहात तिथेच राहाल.

आता त्या फोनकडे येते.

१ लाख २० हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला की १ लाख ४१ हजार ६०० होतात. १८ हप्त्यांत महिना ७,८६७ च्या आसपास, म्हणजे निम्मा पगार. हा हप्ता संस्थेचा नसतो, हे फोनवर हळू आवाजात सांगतात किंवा सांगतच नाहीत. बहुतेक वेळा एखादी फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज देते, संस्थेला तिचे पैसे मिळून जातात, आणि तुमचा व्यवहार उरतो फायनान्सवाल्याशी. उद्या शिकवणं आवडलं नाही, बॅच बंद पडली, संस्थेनेच गाशा गुंडाळला, तरी हप्ता चालूच आणि चुकला तर सिबिलवर डाग. 'बिनव्याजी' असलं तरी ते कर्जच आहे. म्हणून ओटीपी सांगण्याआधी कर्ज देणाऱ्याचं नाव आणि मुख्य तपशिलाचं पत्रक (की फॅक्ट स्टेटमेंट) मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. मोबाइलवरून दिलेल्या अशा कर्जात दंड न भरता माघार घ्यायची मुदतही असते, किती दिवसांची ते त्याच कागदांत लिहिलेलं असतं. २०२१ च्या डिसेंबरात केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानेच लोकांना सावध केलं होतं, त्यात फीचे पैसे खात्यातून आपोआप कापण्याची परवानगी देऊ नका हेही सांगितलं होतं.

नोकरीची हमी. अमेरिकेत ब्लूमटेक नावाची संस्था होती, आधीचं नाव लॅम्डा स्कूल. नोकरी लागल्यावर फी द्या, हे त्यांचं बोधवाक्य. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्क्यांना नोकऱ्या असं सांगत. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०२४ मध्ये त्यांना कर्ज देण्याच्या धंद्यातून कायमचं बाहेर काढलं. प्रत्यक्ष प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आणि काही बॅचेसचं ३० टक्के इतकं खाली निघालं होतं. 'नंतर द्या' म्हणजे कर्जच, हेही विद्यार्थ्यांपासून लपवलं होतं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले, त्यात निवडीची आणि नोकरीची खात्री देणाऱ्या खोट्या दाव्यांना मनाई आहे. फोनवरच्या हमीला मात्र कागद नसतो. कागदावर आली की तिला शेपूट असतं : ९० टक्के हजेरी, आठवड्याला इतके अर्ज, भारतात कुठेही जायची तयारी, आलेली पहिली ऑफर नाकारायची नाही. चार वर्षांची मुलगी असलेल्या बाईने यातल्या किती अटी पाळता येतील ते आधीच बघावं.

सगळ्या संस्था अशाच असतात असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी खरंच आठवड्याला बसून काम तपासणारी माणसं असतात, आणि त्याला पैसे मोजायला माझी ना नाही. ओळखायचं कसं? काउन्सेलर मॅडमना एवढंच म्हणा : "तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याची तपासलेली असाइनमेंट, नाव झाकून, मला ईमेलवर पाठवा. तपासणाऱ्याने काय लिहिलंय ते बघायचंय." जिथे तपासणी होते तिथे हे पाठवायला दहा मिनिटं लागतात. जिथे होत नाही तिथून ब्रोशर येतं. दुसरं, माजी विद्यार्थी तुम्ही स्वतः लिंक्डइनवर शोधा, संस्थेने दिलेले नंबर नकोत. कोर्स संपून वर्ष झालेले दोघे-तिघे गाठा आणि आज नोकरी कुठली, पदनाम काय, ती संस्थेमुळे लागली की स्वतःच्या खटपटीने, हे विचारा. आपल्याकडची मुलं खरं सांगतात, कधी कधी विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतात.

प्रमाणपत्राला किंमत आहे का, असंही बरेच जण विचारतात. मी पुण्यात मुलाखती घेते, तिथून बोलते. बायोडेटावरची प्रमाणपत्रं वाचली जातात, पण त्यावर प्रश्न क्वचितच निघतो. एनपीटीईएलच्या परीक्षेचं असेल तर नजर थांबते, कारण ती केंद्रावर बसून दिलेली असते. प्रश्न निघतो प्रकल्पावर. दहातल्या सहा जणांनी तोच टायटॅनिक किंवा तीच नेटफ्लिक्सची यादी लावलेली असते. त्यात कोणी म्हणालं, "डाळ मिलच्या उधारीचा पार्टीवार आणि दिवसवार हिशेब काढला, आधी जुळत नव्हता, तो या कारणाने," तर मी खुर्ची पुढे ओढते. मग पुढची वीस मिनिटं त्यावरच जातात आणि उमेदवाराला कोर्स कुठला केला हे विचारायचं राहूनच जातं.

नोकरी शोधताना 'डेटा अ‍ॅनालिस्ट' एवढंच टाकू नका, तिथे इंजिनिअर मुलांची रांग आहे. 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' हे पद शोधा. कंपन्यांना रोजचे-महिन्याचे रिपोर्ट काढणारं माणूस लागतं, एक्सेल पक्कं आणि एसक्यूएल येणारं, आणि ज्याला डेबिट-क्रेडिट समजावून सांगावं लागत नाही असं. सोलापूर-पुण्याकडे अशा जागा निघतात. तिथे दोन वर्षं काढून मग पुढचं बघता येतं. पॉवर बीआय एसक्यूएलनंतर शिका, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या लर्न साइटवर त्याचे धडे फुकट आहेत. पण त्याला ४ जीबी रॅम पुरणार नाही. कोर्सवर पुढचा रुपया घालण्याआधी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे जाऊन रॅम वाढवता येते का, ते विचारा.

वेळेचं एक. दहा ते बारा रोज जमणार नाही, आणि जमलं नाही की अपराधी वाटून चार दिवस लॅपटॉपच उघडला जाणार नाही. आठवड्यातल्या तीन रात्री ठरवा आणि रविवारी सकाळचे दोन तास मिस्टरांकडून मागून घ्या. त्या दोन तासांत मुलगी त्यांच्याकडे. चार कोर्स पूर्ण करायचा आग्रह त्यांचाच आहे ना, मग एवढा हातभार लावतीलच.

ता.क. : फोन पुन्हा येईल, आणि स्कॉलरशिपही पुन्हा मंजूर झालेली असेल. नको असेल तर "नको" एवढंच म्हणा, कारण सांगू नका. कारण दिलं की त्याला उत्तर तयार असतं. तरी थांबले नाहीत, किंवा न विचारता कर्जाचा अर्ज भरला गेला, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मराठीत बोलता येतं.